ओळखचिठ्ठीवरचे दोन शब्द : १४ ऑक्टोबर १९४२ ची बैठक पुण्याच्या वर्गात

मी पुण्यात एलएल.एम.च्या मुलांना आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा शिकवते. युद्ध पेटलेले असतानाही कोणावर हात उचलायचा नाही आणि कोणाला उपाशी ठेवायचे नाही, हे सांगणारा हा कायदा. विषय ऐच्छिक असल्यामुळे वर्गात जेमतेम अठरा मुले असतात. सत्राच्या मध्यावर मी त्यांना एक खरे प्रकरण देते आणि नाटक बसवतात तसे ते बसवायला लावते. यंदा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीची जिनिव्हातली १४ ऑक्टोबर १९४२ ची बैठक घेतली. त्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मुलांनी पकडली. त्या समितीच्या सदस्य मार्गरीत फ्रिक-क्रामेर या बाई इतकी वर्षे शिकवूनही मला नीट कळल्या नव्हत्या, हे त्या चुकीने दाखवून दिले. हेच प्रकरण आणखी कोणाला वर्गात घ्यायचे असेल, म्हणून सगळे सविस्तर लिहिते.

बैठक कशासाठी होती

१६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत पॅरिसमध्ये सुमारे १३,००० ज्यू स्त्री-पुरुष आणि मुले पकडली गेली. तिथून ड्राँसीसारख्या छावण्या आणि छावण्यांतून पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाड्या. ऑगस्टमध्ये जागतिक ज्यू काँग्रेसचे जिनिव्हातले प्रतिनिधी गेरहार्ट रीग्नर यांनी युरोपातले ज्यू संपवण्याचा बेत ठरल्याची तार धाडली. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे कार्यालयही जिनिव्हातच. समितीच्या कानावर सगळे पडत होते. निदान हद्दपार झालेली माणसे परत येत नाहीत आणि त्यांचे पत्ते मिळत नाहीत, एवढे तरी तिला ठाऊक होतेच.

समितीने एका जाहीर आवाहनाचा मसुदा तयार केला. तो वाचला की पहिल्यांदा निराशाच होते, इतका तो मवाळ आहे. कोणत्याही देशाचे नाव नाही, ज्यू हा शब्द नाही. शहरांवरचे बॉम्बहल्ले, नाकेबंदी, ओलीस, हद्दपारी या सगळ्यांबद्दल एकाच दमात, युद्धात उतरलेल्या सर्व देशांना उद्देशून केलेली विनंती. एवढाही कागद बाहेर काढावा की नाही, हे ठरवायला १४ ऑक्टोबरला सदस्य जमले.

बहुतेकांचा कल आवाहन काढण्याकडे होता. मार्गरीत फ्रिक-क्रामेर, सुझान फेरिएर, ल्यूसी ओदिए या स्त्री-सदस्य ठामपणे त्याच बाजूला होत्या. अध्यक्ष माक्स हूबर आजारी असल्याने नव्हते. आले होते फिलिप एत्तेर. ते समितीचे सदस्य तर होतेच, शिवाय त्या वर्षी स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्षही होते. एरवी बैठकांना फारसे न फिरकणारे एत्तेर नेमके या बैठकीला आले आणि विरोधात बोलले. कार्ल बुर्कहार्ट यांनीही विरोध केला. जाहीर बोलण्यापेक्षा आतून, संबंधितांना गाठून काम करावे, असे त्यांचे मत. बैठक संपेपर्यंत वारे फिरले होते. आवाहन निघाले नाही.

ज्याँ-क्लोद फावे या इतिहासकाराला समितीने स्वतः दप्तर खुले करून दिले. त्याचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ही बैठक जगापुढे आली. त्या काळातले आपले अपयश समितीने पुढे जाहीरपणे मान्य केले आहे.

पहिली फेरी

मुलांना मी आठवडाभर आधी पोस्टकार्डाएवढ्या ओळखचिठ्ठ्या वाटल्या. एकेका सदस्याची एकेक, दोन-तीन ओळींची. शनिवारी दुपारी बाके गोल लावून बैठक सुरू केली. ऑक्टोबरचा उकाडा होता. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून मुलांनी त्यांच्यावर मोबाइल ठेवले होते.

एत्तेर झालेला मुलगा तयारीने आला होता. जवळजवळ सगळीकडून जर्मनी आणि इटलीने वेढलेल्या तटस्थ देशाची अवस्था त्याने नीट मांडली. बुर्कहार्ट झालेला तर फारच मुरब्बी बोलला. मार्गरीत यांची चिठ्ठी सोलापूरकडच्या एका मुलीकडे होती. तिने सुरुवात चांगली केली. गप्प बसणे हीसुद्धा एक कृती आहे आणि तिचाही हिशेब उद्या द्यावा लागेल, हे तिचे म्हणणे होते. मग ती मुलांनी भरलेल्या आगगाड्यांबद्दल बोलू लागली, आवाज थोडा कापला, आणि समोरच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "मॅडम, ही इमोशनल होतेय. मुद्द्यावर बोल ना."

ती बसली आणि पुन्हा बोलली नाही. मतदान घेतले, तर अठरापैकी बारा जण आवाहनाच्या विरोधात.

पुढच्या तासाला ती माझ्या टेबलाशी आली आणि दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक तिची, दुसरी बुर्कहार्ट यांची. त्यांच्या चिठ्ठीवर मी लिहिले होते, "इतिहासकार, मुत्सद्दी". तिच्या चिठ्ठीवर होते, "संवेदनशील, मानवतावादी". ती एवढेच म्हणाली, "मॅडम, मग मी दुसरं काय बोलणार होते?"

मला उत्तर सुचले नाही. चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या. दोघांची माहिती एकाच दिवशी, एकाच टेबलावर बसून काढली होती. पुरुषाची ओळख त्याच्या विद्येवरून दिली आणि बाईची स्वभावावरून, आणि हे करताना माझ्या मनाला काही खुपलेसुद्धा नाही. मी स्वतः बाई, कायद्याचीच शिक्षिका, त्यातून पुण्यातली. कॉर्नेलिया सोराबजींनी डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात पदवी घेऊनही विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून त्यांना नाकारली गेली, आणि १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊनही वकिलीसाठी जवळजवळ तीस वर्षे ताटकळावे लागले, हे मी दरवर्षी पोटतिडकीने सांगते. तरीही माझ्या हातून असे लिहिले गेले.

चिठ्ठीवर खरे काय हवे होते

मार्गरीत क्रामेर यांचा जन्म १८८७ मध्ये जिनिव्हात झाला. त्यांनी कायदा आणि इतिहास या दोन्ही विषयांचे शिक्षण जिनिव्हा आणि पॅरिसमध्ये घेतले. जिनिव्हा विद्यापीठात बदली प्राध्यापक म्हणून त्यांनी इतिहास शिकवला. म्हणजे इतिहासकार त्याही होत्या, शिवाय कायदा शिकलेल्या होत्या.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ऑगस्टमध्येच समितीने युद्धकैद्यांसाठी एक संस्था उघडली. राथ संग्रहालयाच्या दालनांत लांबच लांब टेबले, त्यांवर खोकी, खोक्यांत कार्डे. अमुक सैनिक, अमुक पलटण, अमुक दिवशी पकडला गेला, अमुक छावणीत आहे, घरून विचारणा करणारा अमुक. युद्ध संपेपर्यंत अशी सुमारे ७० लाख कार्डे झाली. मार्गरीत सुरुवातीपासून तिथे होत्या आणि लवकरच दोस्त राष्ट्रांच्या कैद्यांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुण्याच्या वाचकाला हे काम कुठेतरी लांबचे वाटेल, पण २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात कूत येथे शरण आलेल्या फौजेचे नाव सहावी पुणे डिव्हिजन होते आणि तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. आपला माणूस जिवंत आहे की नाही, हे कोणाला विचारायचे, हा प्रश्न त्या वर्षी सातारा-रत्नागिरीच्या किती घरांत पडला असेल!

१९१८ मध्ये त्या समितीच्या सदस्य झाल्या. तोवर समितीत एकही बाई नव्हती. एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कार्यकारी मंडळावर बसलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतात ते यामुळे. लग्नानंतर परदेशी राहावे लागल्याने मध्यंतरी हे पद सुटले, पण काम सुटले नाही. २७ जुलै १९२९ रोजी जिनिव्हात युद्धकैद्यांसंबंधीचा करार झाला. त्याच्या तयारीत त्या होत्या. ९७ कलमांच्या या करारात कैद्यांवर सूड उगवायला बंदी आहे. पकडलेल्यांची माहिती देणारे कार्यालय प्रत्येक देशाने उघडावे, असे ७७ वे कलम सांगते आणि तटस्थ देशात माहितीचे एक मध्यवर्ती केंद्र असावे, असे ७९ वे. राथ संग्रहालयातली खोकी कायद्यात आली ती अशी. आधी काम उभे राहिले आणि मागाहून कलम लिहिले गेले. हे सुचायला कार्डे स्वतःच्या हाताने लावलेली असावी लागतात, असे मला वाटते.

भोक कुठे होते

या भागावर मी वर्गात सर्वांत जास्त वेळ दिला. पहिल्या फेरीआधीच द्यायला हवा होता.

१९२९ चा करार सैनिकांसाठी होता. फौजेबरोबर फिरणारे बातमीदार, पुरवठादार वगैरे मंडळी सोडली, तर साध्या नागरिकासाठी त्यात काही नव्हते. १९०७ च्या हेग नियमावलीत जिंकलेल्या प्रदेशातल्या लोकांचा जीव, कुटुंबाची अब्रू आणि मालमत्ता यांचा मान राखावा असे ४६ वे कलम आहे. पण हद्दपारीचा उल्लेख तिथे नाही आणि आत येऊन पाहण्याचा अधिकारही रेडक्रॉसला दिलेला नाही.

ही उणीव समितीतल्यांना पहिल्या महायुद्धापासून दिसत होती. नागरिकांसाठी वेगळा करार हवा, या खटपटीत मार्गरीत यांचाही हात होता. १९३४ मध्ये टोकियोच्या रेडक्रॉस परिषदेत तसा मसुदा मांडला गेला. जिंकलेल्या मुलखातून लोकांना बाहेर हद्दपार करायला त्यात बंदी होती. सरकारांनी तो बासनात ठेवला. अखेर १९४० मध्ये परिषद भरवून त्याला करार करायचे ठरले आणि सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धच सुरू झाले.

समितीने मग युद्धात उतरलेल्या देशांना विनवले की निदान हा मसुदा तरी पाळा. हाती थोडेसे लागले. शत्रूराष्ट्राचे जे नागरिक तुमच्या स्वतःच्या भूमीवर सापडले असतील, त्यांना युद्धकैद्यांसारखे वागवायला देश तयार झाले. जिंकलेल्या प्रदेशातल्या माणसांबद्दल मात्र काहीही कबूल झाले नाही.

हे समजावताना मी फळ्यावर पुरंदर काढला. पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. पावसाळ्यात आमची मुले तिथे ट्रेकला जातात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने याच किल्ल्यावर जर्मन नागरिकांना बायकामुलांसह स्थानबद्ध ठेवले होते. हिटलरपासून जीव वाचवून भारतात आलेले काही ज्यूसुद्धा केवळ जर्मन म्हणून त्यांत होते. स्थानबद्धता सुखाची नव्हतीच, पण पुरंदरवरच्या माणसाचे नाव कुठेतरी लिहिलेले होते. त्याला पत्र येई. रेडक्रॉसचा प्रतिनिधी भारतातल्या छावण्या पाहायला येऊ शकत होता. आणि त्याच माणसाचा भाऊ पॅरिसमध्ये राहिलेला असेल, तर ड्राँसीच्या फाटकातून निघालेल्या गाडीत त्याचे काय झाले हे विचारायचा हक्क कोणत्याच कलमाने कोणालाही दिलेला नव्हता. एकाच घरातले दोघे भाऊ, एकाला कार्ड आहे, दुसऱ्याला नाही.

हे कळल्यावर १४ ऑक्टोबरची बैठक वेगळीच दिसू लागते. कलमाचा आधार असता तर मार्गरीत यांनी कलम काढून दाखवले असते. आधीचे निम्मे आयुष्य त्यांचे त्यातच गेले होते. जिथे कायदा संपतो ती रेघ नेमकी कुठे आहे, हे त्या टेबलावर त्यांच्याइतके फार थोड्यांना माहीत असेल. त्या रेघेपलीकडे समितीकडे तोंडी शब्दाखेरीज दुसरे साधनच उरत नव्हते. जाहीर आवाहनाचा आग्रह तिथून आला होता, असे माझे वाचन आहे. त्याला नुसती कळवळ्याची बाजू म्हणणे म्हणजे त्यांची तीस वर्षांची विद्या पुसून टाकणे.

दुसरी फेरी

पंधरा दिवसांनी तीच बैठक पुन्हा घेतली. भूमिका त्याच, चिठ्ठ्या नव्या. मार्गरीत यांच्या चिठ्ठीवर आता होते, "कायदा व इतिहास यांच्या अभ्यासक, १९२९ च्या कराराच्या तयारीत सहभाग, युद्धकैद्यांच्या संस्थेत १९१४ पासून".

सोलापूरची मुलगी या वेळी उभी राहिली नाही. बसूनच, वहीत बोट ठेवून बोलली. ७७, ७९, मग हेगचे ४६, मग टोकियोचा मसुदा. ८८ वे कलमही तिने शोधून आणले होते. करारातले काहीही रेडक्रॉसच्या मानवतावादी कामाच्या आड येणार नाही, असे ते सांगते. "म्हणजे आपण बोललो तर करार मोडत नाही. बोलायची आपल्याला कोणी बंदी केलेली नाही. ती आपणच घालून घेतोय." आगगाडीचा उल्लेखही झाला, पण शेवटी आणि एकाच वाक्यात. वर्गात कोणी चुळबुळ केली नाही.

सगळ्यांची मते फिरली, असे मात्र झाले नाही आणि ते बरेच झाले. एत्तेर झालेला मुलगा मूळचा साताऱ्याकडचा. त्यानेही पंधरा दिवस वाया घालवले नव्हते. त्याने सांगितले की २१ जून १९४२ रोजी लिबियातले तोब्रुक पडले तेव्हा तेहतीस हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले. त्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. "मॅडम, ऑक्टोबरात ही माणसं इटलीच्या ताब्यात आहेत. त्यांची पार्सलं, पत्रं, छावणीची पाहणी, सगळं या समितीच्या हातात. उद्या हिटलर-मुसोलिनी चिडले आणि समितीला दारं बंद केली, तर माझ्या गावच्या माणसाचं काय?" मग त्याने रशियन कैद्यांचे उदाहरण दिले. सोव्हिएत संघाने १९२९ च्या करारावर सही केली नव्हती. जर्मनांच्या ताब्यात त्यांचे तीस लाखांहून अधिक कैदी मेले. कराराचे कुंपण नसेल तर काय होते, हे त्याला दाखवायचे होते.

हा युक्तिवाद हलका नाही. समितीतही कैद्यांच्या कामाला धक्का लागण्याची धास्ती खरीच होती. माझे स्वतःचे मत मार्गरीत यांच्या बाजूने आहे आणि ते मी वर्गात लपवले नाही. इतका मवाळ, कोणाचेही नाव न घेणारा कागद निघाल्यामुळे लाखो कैद्यांचा करार जर्मनीने झुगारला असता, हे मला पटत नाही. जर्मनीचे स्वतःचे सैनिकही ब्रिटिशांच्या ताब्यात होतेच. पण सातारच्या मुलाकडे पाहून "तू भित्रा आहेस" असे म्हणायची माझी छाती नाही. त्याच्या डोळ्यांपुढेही माणसेच होती.

एका मुलीने आणखी एक अडचण काढली आणि ती मला फार मोलाची वाटते. टोकियोचा मसुदा करार झाला असता, तरी त्याने शत्रूराष्ट्राच्या नागरिकांनाच वाचवले असते. जर्मनीचे स्वतःचे ज्यू नागरिक त्यात बसले नसते. म्हणजे मार्गरीत ज्या कायद्यासाठी झटत होत्या त्यालाही भोक होतेच. १९४९ च्या, नागरिकांसाठीच्या चौथ्या जिनिव्हा करारातही, त्याच्या चौथ्या कलमाच्या व्याख्येत, ते बऱ्याच अंशी तसेच आहे. यावर वर्ग अर्धा तास भांडला. मी मध्ये पडले नाही.

मतदान झाले ते नऊ विरुद्ध नऊ.

त्यानंतर

मार्गरीत १९४६ मध्ये समितीतून बाहेर पडल्या. १२ ऑगस्ट १९४९ चे चार जिनिव्हा करार त्यांनी लिहिले असे म्हणता येणार नाही. भारताने हे करार १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यांच्यासाठी आपल्या संसदेने स्वतंत्र अधिनियम केला. नागरिकांसाठीच्या चौथ्या कराराचे ४९ वे कलम जिंकलेल्या प्रदेशातून सक्तीने हद्दपार करायला मनाई करते. मार्गरीत यांचे निधन १९६३ मध्ये झाले.

परीक्षेत हमखास ४९ वे कलम विचारले जाते, त्यामुळे मुले त्यापुढे फारशी जात नाहीत. यंदा सत्राच्या शेवटच्या तासाला सोलापूरच्या मुलीने १३८ वे कलम उघडले. ताब्यात घेतलेल्या नागरिकाबद्दल निदान काय काय लिहून ठेवायचे, याची यादी तिथे आहे. आडनाव, नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, शेवटचा पत्ता, ओळखखूण, वडिलांचे नाव, आईचे माहेरचे आडनाव, पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवायचे, कोणाला कळवायचे.

तिने पहिल्या फेरीतली जुनी चिठ्ठी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर या यादीप्रमाणे स्वतःची माहिती लिहायला घेतली. तिचे पाहून बाकीच्यांनीही घेतली. दहा मिनिटे वर्गात फक्त पेनांचा आवाज होता. आईच्या माहेरच्या आडनावाशी तीन जण अडले. त्यांतला एक, सातारचा, बाहेर जाऊन घरी फोन करून आला, जागेवर बसला आणि तेवढी एक ओळ त्याने भरली.